लिफाफ्यावरचे नाव

मेडशीच्या पलीकडे कोळदरी नावाचे गाव आहे. त्या गावच्या माळावर, विजेच्या खांबाच्या शेंड्याशी, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा धम्मपाल कमरेच्या पट्ट्याने स्वतःस बांधून घेऊन तारांचे काम करीत होता. आणि मी वाशिम येथे पंख्याखाली खुर्चीवर बसलो होतो. या दोन स्थळांमधील अंतर एसटीने जाणाऱ्यास फारसे वाटत नाही. परंतु त्या दुपारी मला ते अंतर असे भासले, की माणसाच्या हाकेने, पायाने अथवा प्रार्थनेने ते कदापि ओलांडता येणार नाही. ते केवळ एक मेसेज ओलांडू शकत होता, आणि तो मेसेज धम्मपालचा जीव घेण्यासाठी निघण्याच्या बेतात होता.

हा प्रसंग मी क्रमाने निवेदन करतो.

एका वीज कंपनीत मी कंत्राटी ऑपरेटर आहे. पूर्वी माझी नेमणूक कोळदरीच्याच उपकेंद्रात होती. तेथे फीडर, म्हणजे गावाकडे अथवा शेताकडे जाणारी प्रत्येक वीजवाहिनी, आम्ही हाताने मूठ फिरवून चालू-बंद करीत असू. पुढे यंत्रणा बदलली. उपकेंद्रांना कुलपे लागली आणि वाशिममध्ये एक कक्ष स्थापन झाला. आता मूठ फिरवावी लागत नाही. संगणकाच्या स्क्रीनवर बटण दाबले, की एक मेसेज दूरच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर उपकेंद्रातील यंत्रास आज्ञा देतो, आणि तेथील ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा-जोडणारा मोठा खटका, आपोआप उघडतो किंवा मिटतो. ही व्यवस्था उत्तम आहे असे सर्वांचे मत होते व माझेही होते.

त्या दिवशी सकाळी धम्मपालचा फोन आला.

"साळेबुवा, माळ फीडर मारा बंद. जम्पर जळालं हाय. हरभऱ्याले पाणी नाही म्हणून गाव माह्या डोक्यावर बसलं."

"आधी जयभीम तर म्हणा, जवाईबुवा."

"जयभीम. आता मारा बंद. तुमच्या मानपानाच्या नादात माह्या हाताले झटका नोको."

खांबावर दोन तारा जोडणाऱ्या तुकड्यास आम्ही जम्पर म्हणतो. मी स्क्रीनवरून माळ फीडर बंद केला. त्याच्या नावापुढे परमिटचे लाल कुलूप उमटले. खांबावर माणूस चढला आहे, तो उतरेपर्यंत हा फीडर कोणी चालू करू नये, असा त्या कुलपाचा अर्थ आहे.

"झाला बंद," मी सांगितले. "आता तिथला एबी स्विच खोला."

एबी स्विच म्हणजे खांबावरील हाताने उघडण्याचा खटका. तो उघडला म्हणजे उपकेंद्रातून चुकून वीज आली तरी ती कामाच्या तारेपर्यंत पोहोचत नाही.

"तो जाम हाय. दांडा हालूनच नाही राह्यला. कितीक खेपा सांगतलं, साहेब म्हन्ते मिस्त्री येईन."

"मंग साखळी लावा."

"साखळी दुसऱ्या गँगनं नेली."

तारा जमिनीशी जोडणारी ती साखळी होय. ती असती, तर आलेली वीज माणसाच्या देहातून न जाता भूमीत गेली असती. माझी धास्ती ओळखून धम्मपाल हसला.

"कायले घोर करता? परमिट तुमच्या हातात हाय, बायको माही तुमची बहीण हाय. याच्यावर आणखीन काय गॅरंटी पाह्यजे मले? मोबाईल थैलीत टाकून राह्यलो, खिशातून पडते. काम झालं का मीच फोन लावतो."

मी होकार दिला. खटका जाम आणि साखळी नाही, अशा स्थितीत खांबावर चढणे नियमात बसत नाही. तथापि आमच्याकडील निम्मी कामे अशीच होतात आणि लोक सायंकाळी घरी जेवतात. म्हणून मलाही त्यात विशेष काही वाटले नाही.

त्या वेळी कक्षात माझ्यासोबत अनुप नावाचा इंजिनिअर बसलेला होता. तो सर्व्हर सांभाळणाऱ्या खासगी संस्थेचा तरुण मनुष्य, मूळचा कारंज्याकडील. आदल्या दिवशी सर्व्हरवरील जुनी प्रणाली काढून नवी बसविण्यात आली होती, आणि तिच्यावर नजर ठेवण्यासाठी तो मुद्दाम आला होता. स्वभावाने शांत, आणि कितीही मूर्खपणाचा प्रश्न विचारला तरी न चिडणारा.

मध्येच एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या गावचा शेतीचा फीडर दिवसा बंद असतो; तो अकस्मात चालू झाला होता.

"बिगर टायमाची लाइन आली जी," तो आनंदाने म्हणाला. "तक्रार नाही. रोजच अशी चुकत जा म्हणलं."

मी हसून फोन ठेवला व तो फीडर बंद केला. अनुप मात्र हसला नाही. त्याने सर्व्हरवर आलेले मेसेज उघडून पाहण्यास प्रारंभ केला.

"सापडलं," काही वेळाने तो म्हणाला. "पण हे विचित्र आहे. गोविंदाभाऊ, इकडे या."

त्याच्या स्क्रीनवर एक्सएमएलची अक्षरे होती. कोनदार कंसांत नावे, त्यांच्या पोटात आणखी नावे, जणू उतरंडीत मडके आणि मडक्यात मडके.

"आपण पाठवतो तो प्रत्येक मेसेज म्हणजे एक लिफाफा असतो," अनुप सांगू लागला. "लिफाफ्याच्या बाहेर एक ओळ असते, तिच्यात कामाचं नाव. लिफाफ्याच्या आत मजकूर असतो, आणि त्याच्या अगदी पहिल्या खुणेतही कामाचं नाव असतं. मागं सर्व्हरच्या पोटात मेथड बसलेल्या असतात. एक मेथड फीडर चालू करते, एक बंद करते, एक नुसती स्थिती सांगते, की चालू आहे का बंद. आलेला मेसेज यातल्या कोणत्या मेथडच्या हातात द्यायचा हे ठरवतं फ्रेमवर्क, म्हणजे काल बदलली तीच प्रणाली. मेथडला स्वतःला काही माहीत नसतं. तिच्या हातात फीडरचा नंबर पडतो, ती आपलं काम करून मोकळी होते."

"मंग नाव दोन जागी कायले?"

"दोन्हीकडं सारखंच असावं अशी अपेक्षा असते."

"आन नसलं सारखं तर?"

"तर फ्रेमवर्क जे आधी वाचेल ते खरं. आपलं जुनं फ्रेमवर्क लिफाफा उघडून आतलं नाव वाचायचं. बाहेरच्या ओळीकडं ते पाहतच नव्हतं. कालचं नवीन आहे ते बाहेरचं वाचतं. ते ओळखीचं निघालं, की आतून फक्त फीडरचा नंबर उचलतं."

मला आमच्या बाजार समितीचे स्मरण झाले. आमच्याकडे बारदाना कोणी वाया घालवीत नाही. सोयाबीनच्या छापाच्या पोत्यात तूर भरून आणणे ही नित्याची गोष्ट. जुना हमाल पोत्याचे तोंड सोडून मूठभर दाणे पाही आणि मग पोते थप्पीस लावी. नवा हमाल छाप वाचून पोते फेकतो. मी हे अनुपला सांगितले.

"तसंच समजा," तो म्हणाला. "आता हे पोतं पाहा. बाहेर छाप आहे 'फीडर चालू'. आत माल आहे 'फीडर स्थिती'. पाठवणाऱ्याला नुसतं विचारायचं होतं, चालू आहे का बंद. नव्या फ्रेमवर्कनं बाहेरचा छाप वाचला आणि फीडर चालू करून टाकला. पण मला हे समजत नाही, की असा उलटसुलट मेसेज तयार झाला कसा? आपली स्क्रीन असा मेसेज कधीच बनवत नाही."

असा मेसेज कसा तयार होतो हे मला ठाऊक होते. ते कक्षातील प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक होते. इंजिनिअर मंडळींना तेवढे कोणी सांगितले नव्हते.

खेड्यांकडे नेट इतके मंद असते, की कंपनीची रंगीत स्क्रीन उघडता उघडता चहा थंड होतो. म्हणून तालुक्याच्या ऑपरेटरांनी एक सोय शोधून काढली होती. चाचणीसाठी दिलेली एक साधी खिडकी होती. तिच्यात मेसेजचा मजकूर चिकटवून तो थेट सर्व्हरकडे पाठविता येत असे. कोणीतरी एक चांगला चाललेला मजकूर आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. तो फीडर चालू करण्याचा होता. ज्याला जे काम असेल त्याने तो उचलावा, आतील नाव बदलावे, फीडरचा नंबर बदलावा आणि पाठवून द्यावा. बाहेरची ओळ कोणीही बदलीत नसे, कारण ती न बदलताही काम होत असे. मानोऱ्यापासून मेडशीपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हाच मजकूर होता, आणि प्रत्येकाच्या मजकुरावर एकच छाप होता: फीडर चालू.

मी हे अनुपला सांगत असतानाच मला उदयसिंग आठवला. मेडशीस राहणारा हा ऑपरेटर कोळदरीसह आसपासची उपकेंद्रे पाहतो. जेवणापूर्वी तो प्रत्येक फीडरची स्थिती विचारतो आणि साहेबास कळवितो. जेवणाची वेळ जवळ आली होती.

"अनुपसर," मी विचारले, "माळ फीडरले परमिटचं कुलूप हाय. माणूस खांबावर हाय. त्या कुलपानं हा मेसेज अडन ना?"

अनुपने माझ्याकडे पाहिले.

"कुलूप स्क्रीनमध्ये आहे," तो म्हणाला. "स्क्रीनवरून कोणी चालू दाबलं तर स्क्रीन अडवते. हा मेसेज स्क्रीनमधून जातच नाही. तो सरळ सर्व्हरच्या दाराशी जातो. मेथड कुलूप पाहत नाही."

मी धम्मपालला फोन लावला. घंटा वाजत राहिली. खांबाच्या बुडाशी मोटरसायकल उभी असेल, हँडलला थैली अडकविलेली असेल, तिच्यात तो मोबाईल थरथरत असेल आणि वर वाऱ्यात त्याला काहीही ऐकू येत नसेल, हे सर्व चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी पुन्हा लावला. मग उदयसिंगला लावला. तो व्यस्त होता. हरभऱ्याच्या दिवसांत त्याचा फोन कधी मोकळा नसतो. दहा गावांचे शेतकरी त्यालाच लाइन विचारतात. गावात आणखी कोणास फोन करावा? माझी बहीण सरिता रोजंदारीवर तूर सोंगण्यास, म्हणजे कापण्यास, गेली होती, आणि तिला काय सांगावे, हे मला सुचेना. नवरा जेथे आहे तेथे धावत जा, असे सांगितले असते, तर ती पोहोचेपर्यंत तिच्या काळजाचे काय झाले असते? आणि ती वेळेवर पोहोचली नसती तर? मी तिचे नाव मोबाईलवर उघडले आणि पुन्हा मिटले.

मग मी व्हॉट्सॲप गटावर लिहिले, "कोणीही तो मजकूर पाठवू नका. माणूस खांबावर आहे."

बाबूलाल नावाचा मानोऱ्याकडील ऑपरेटर तत्काळ उत्तरला, "कोनता मजकूर भाऊ?"

मी लिहिणार, इतक्यात त्याने तोच संपूर्ण मजकूर पुन्हा गटावर चिकटविला. खाली विचारले, "हा का?"

आता ज्यांना तो शोधावा लागला असता, त्यांच्याही हाताशी तो आयता आला. खाली दोघांनी अंगठे दाखविले.

"गोविंदाभाऊ, इकडे लक्ष द्या," अनुप म्हणाला. त्याची बोटे कळफलकावर चालू होती. "उदयसिंग तुमचाच ना? त्याचे मेसेज यायला लागले."

मी त्याच्या खांद्यामागे उभा राहिलो. पहिला मेसेज कोळदरीच्या गावठाण फीडरचा होता. बाहेर चालू, आत स्थिती. फ्रेमवर्कने तो चालूच्या मेथडकडे दिला. गावठाण फीडर मुळातच चालू असल्याने काही घडले नाही. उत्तर गेले, की काम यशस्वी. उदयसिंगने ते उत्तर नीट वाचले असते, तर त्याला शंका आली असती. परंतु एका हाताने फोन कानाशी धरलेला मनुष्य दुसऱ्या हाताने काय काय वाचणार?

"तो एकेक करून विचारते," मी म्हणालो. "गावठाण झालं, आता पाणीपुरवठा. मंग माळ."

"सर्व्हर बंद करायचा अधिकार मला नाही. पण चालूची मेथड मी फ्रेमवर्कच्या यादीतून काढू शकतो. यादीत नावच नसेल तर बाहेरचा छाप त्याला ओळखता येणार नाही. मग ते नाइलाजानं आतलं नाव वाचेल."

"मंग काढा ना सर."

"काढली तर जिल्ह्यात कुठलाच फीडर इथून चालू करता येणार नाही. दवाखाने, पाणी, सगळं. प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवावा लागेल." असे म्हणत त्याने पुण्यातील आपल्या वरिष्ठास फोन लावला होता. पलीकडचे शब्द मला ऐकू आले नाहीत, अनुप एवढेच म्हणत होता, "हो सर. माणूस खांबावर आहे सर. ईमेल करतो सर. पण परवानगी येईपर्यंत सर..." मग त्याने ऐकणे थांबविले. फोन तसाच चालू ठेवून टेबलावर पालथा घातला आणि यादीतील ती ओळ पुसून टाकली.

"आता फ्रेमवर्क पुन्हा उठवावं लागेल," तो म्हणाला. "त्याशिवाय नवीन यादी वाचत नाही ते."

"उठेपर्यंत मेसेज आला तर?"

"दाराशी थांबेल. उठल्या उठल्या पहिल्यांदा तोच घेतला जाईल."

स्क्रीनवर फ्रेमवर्क निजले. एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे संथपणे सरकू लागली. त्या रेघेखाली दाराशी थांबलेल्या मेसेजांची जागा होती. ती प्रथम रिकामी होती. मग तेथे पाणीपुरवठ्याचा मेसेज आला. त्याच्या मागोमाग माळ फीडरचा आला. बाहेर चालू, आत स्थिती. उदयसिंगने कानाशी फोन धरून, कदाचित कोणा शेतकऱ्याशी हसत-बोलत, तो पाठविला होता. त्यात कोणाचेही वैर नव्हते. तो केवळ एक प्रश्न होता, आणि त्या प्रश्नावर आज्ञेचा छाप मारलेला होता.

"आता तर नवीनच यादी वाचन ना?" मी विचारले.

अनुप खोटे बोलला असता, तर मी त्याचे उपकार मानले असते.

"वाचायला पाहिजे. कधी कधी जुनी यादी त्याच्या आठवणीत शिल्लक राहते. मी आठवण पुसायला सांगितलं आहे. पण कालच बसवलंय हे. मी स्वतः अजून हे करून पाहिलेलं नाही."

त्यानंतरची स्थिती वर्णन करण्यास मजजवळ पुरेसे शब्द नाहीत. मला धम्मपालचे हात दिसू लागले. लग्नात त्याच्या हातांना हळद लावताना बायका हसल्या होत्या, की एवढ्या खरखरीत हातांना हळद पुरणार कशी? ते हात या क्षणी उघड्या तारेवर असतील. तार थंड आहे, मृत आहे, या एकाच विश्वासावर ते तेथे आहेत, आणि तो विश्वास माझ्या नावाने दिलेला आहे. मी त्रिशरण मनात म्हणू लागलो. पहिल्या ओळीनंतर मला दुसरी आठवेना. जी लहानपणापासून प्रत्येक वंदनेत म्हणत आलो, ती दुसरी ओळ मला आठवेना, याचीही एक निराळी भीती माझ्यात शिरली.

रेघ उजव्या कडेस टेकली. फ्रेमवर्क उठले.

पाणीपुरवठ्याचा मेसेज दारातून आत गेला आणि दिसेनासा झाला. माळ फीडरचा मेसेज आत गेला. त्याच्या नावापुढे काही काळ काहीच आले नाही. मी स्क्रीनकडे पाहू शकलो नाही. मी खिडकीकडे पाहिले. बाहेर रस्त्यावर एक मनुष्य सायकलच्या चाकात हवा भरीत होता.

"गोविंदाभाऊ," अनुप म्हणाला, "वाचा."

तेथे लिहिले होते: माळ फीडर, स्थिती, बंद.

मी ते वाचले आणि माझा त्यावर विश्वास बसेना. मी अनुपला विचारले, की हे उत्तर खरे कशावरून? उपकेंद्रातील यंत्राने आधी चालू करून मग भलतेच उत्तर दिले नसेल कशावरून? त्याने मला यंत्राची नोंद दाखविली, विजेचा प्रवाह शून्य असल्याचा आकडा दाखविला. आकडे पाहूनही माझी खात्री पटेना. ज्या यंत्रणेवर मी सकाळी विश्वासून एका माणसास वर चढविले होते, तिनेच दिलेली ही साक्ष होती.

उदयसिंगचा फोन आला.

"काय झालं बाप्पा, एवढे मिसकॉल? कोणी मेलं का काय?"

"नाही मेलं," मी म्हणालो.

"मंग बोला ना. लई कामं हायेत."

मी त्यास सांगितले, की यापुढे तो मजकूर हाती धरू नये. त्याने कारण विचारले. मी कारण सांगू लागलो, आणि लिफाफा, बाहेरचे नाव, आतले नाव असे काहीबाही बोलत असताना त्याने मला मध्येच थांबविले. तो अडाणी नव्हे. त्याने पाठविलेल्या शेवटच्या मेसेजमध्ये कोणत्या फीडरचा नंबर होता, हे त्याला आठवले असावे.

"कोन होतं वर?" त्याने विचारले.

"धम्मपाल."

त्याने फोन ठेवला नाही. शेवटी मीच फोन ठेवला, कारण धम्मपालचा फोन येईल तेव्हा माझा मोबाईल मोकळा असला पाहिजे होता.

तो फोन येण्यास विलंब लागला. तेवढ्या काळात अनुपने परवानगीचा ईमेल लिहिला, पुण्याहून त्याला बरेच बोलणे खावे लागले, आणि ठिकठिकाणाहून तक्रारी येऊ लागल्या, की फीडर चालू होत नाहीत. मी कोणासही उत्तर दिले नाही. फोन वाजला, तेव्हा पडद्यावर नाव स्पष्ट असूनही मला भीती वाटली, की आता त्याच्या मोबाईलवरून दुसराच कोणी मनुष्य बोलेल.

"साळेबुवा, झालं काम. करा चालू. एवढे फोन कायले मारले? सरितानं जेवायले बलावलं का तुमाले?"

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"हॅलो. झोपले का खुर्चीवर? पगार झोपाचा भेटते का तुमाले?"

"जवाईबुवा," मी म्हणालो, "खाली उतरले का तुमी?"

"उतरल्याशिवाय कसा बोलीन? मोबाईल तर थैलीत होता. आता आणखीन एक खांब हाय, तिथलं इन्सुलेटर फुटलं. आधी लाइन द्या, मंग दुपारून पुन्हा परमिट घेतो."

"आज चढू नोका."

"काहून?"

मी सांगितले. सावकाश, एकेक शब्द जोडून सांगितले. फ्रेमवर्क, मेथड ही नावे मी वगळली. एवढेच म्हणालो, की एक मेसेज निघाला होता, त्याच्या आत विचारणा होती आणि वर चालू करण्याचा हुकूम होता, तो दारापर्यंत आला होता, आणि दाराशी अनुपसरांनी त्याला फिरविले. धम्मपाल थट्टेखोर मनुष्य आहे. मी त्याच्या थट्टेची वाट पाहिली. ती आली नाही. माळावरचा वारा मात्र त्याच्या मोबाईलमधून मला ऐकू येत होता.

"मी दोन्ही हातानं धरलं होतं जम्पर," तो अखेरीस म्हणाला. "बिगर हातमोज्याचं. नट बारीक होता, मोज्यानं धरता येत नव्हता."

मग त्याने विचारले,

"सरिताले सांगतलं?"

"नाही."

"मंग नोका सांगू." मग तो म्हणाला, "आन हे पाहा. ही लाइन आता तिथून नाही करायची चालू. मेसेज नोको, स्क्रीन नोको. तुमी इथं या. तुमच्या हातानं करा."

मी अनुपकडे पाहिले. त्याने ऐकले होते. "जा," तो म्हणाला, "नाहीतरी आज इथून काहीच चालू होणार नाही." मग त्याने खुर्ची ओढून माझ्या टेबलावरचा फोन आपल्याकडे घेतला आणि तक्रारी ऐकण्यास बसला. ते त्याचे काम नव्हते.

मी एसटीने मेडशीस उतरलो. धम्मपाल मोटरसायकल घेऊन थांब्यावर उभा होता. आम्ही एकमेकांस जयभीम केला. त्याच्या पाठीमागे बसलो असता मी त्याच्या सदऱ्याची बाजू धरली होती. इतक्या वर्षांत मी असे कधी धरले नव्हते.

कोळदरीच्या उपकेंद्राचे कुलूप उदयसिंगने आधीच येऊन उघडले होते. तो दारापाशी उभा होता. त्याने धम्मपालच्या दंडास हात लावला, मग तो हात काढून घेतला, आणि किल्ली माझ्याकडे दिली. सूर्य माळाच्या कडेस आला होता. कुंपणाबाहेर काही शेतकरी बसलेले होते; लाइन केव्हा येते, हे विचारण्यास आलेले.

यंत्राने दुरून आज्ञा घ्यावी की हाताने चालावे हे ठरविणारा खटका मी हाताच्या बाजूस फिरविला. माझा हात मुठीवर होता, आणि मूठ परिचित होती. तरीही माझ्याने ती फिरवेना. तारेवर कोणी नाही हे मला माहीत होते. तारेवर जो होता, तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. तरीही माझ्याने मूठ फिरवेना.

"जवाईबुवा," मी म्हणालो, "मले तुमचे हात दिसू द्या."

तो हसला नाही. त्याने दोन्ही पंजे पुढे करून लोखंडी कठड्यावर मला दिसतील असे ठेवले. नखांत काळे वंगण होते आणि एका बोटाचे साल निघालेले होते.

"दिसून राह्यले का?" त्याने विचारले.

"हो."

"मंग फिरवा."

मी त्या हातांवरील दृष्टी न काढता मूठ फिरविली.